जमाखर्च ऐकायला येणारी माणसं

लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, दिवसभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत असतील. तीही पळतात. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख हे सगळं इतर मंडळांसारखंच होतं आणि तितकंच लांबतं. प्रास्ताविकात लिनक्सच्या जनकाची, लिनस टोरव्हाल्ड्सची गोष्ट ठरलेली. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा केली, तीही निव्वळ छंद म्हणून, फार मोठं काही नाही असं सांगत. जुन्यांना ती पाठ आहे, तरी त्या जागी सगळे हसतातच.

मी जातो ते मात्र खजिनदार ताईंचा जमाखर्च ऐकायला.

एरवी कुठल्याही सभेत जमाखर्च सुरू झाला की लोक मोबाईल काढतात. ताईंसमोर ती सोय नाही. मंडळ नोंदवलेलं नाही, त्यामुळे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीच्या जगभर पसरलेल्या प्रकल्पासाठीसुद्धा पैसे सांभाळायला १९९७ मध्ये वेगळी संस्था निघाली. आमच्याकडे ती संस्था म्हणजे ताई आणि त्यांची वही. म्हणून पै न् पै वाचून दाखवायचा त्यांचा हट्ट. आधी खर्च: सभागृह, प्रोजेक्टर, सर्व्हरचं भाडं, डोमेनचं नूतनीकरण, एक्स्टेंशन बोर्ड. बोर्ड दर वर्षी नवे लागतात, जुने कुठे जातात ते देव जाणे. मग ‘परत न आलेले पेनड्राइव्ह’ ही स्वतंत्र नोंद, आणि ती वाचताना ताई मान वर करून सभागृहावरून एकदा नजर फिरवतात. पूर्वी उबुंटू या लिनक्सच्याच आवृत्तीच्या सीडी टपालाने फुकट यायच्या, त्या वाटून टाकल्या की हिशेब संपायचा. उबुंटूच्या कंपनीने २०११ मध्ये ती योजना बंद केली, सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आले आणि ही नोंद आमच्या वहीत आली.

नंतर जमा. देणगीदारांची नावं वर्णानुक्रमे, रक्कम न सांगता. वस्तू दिलेल्यांचीही त्याच ओळीत. अर्ध्या सभागृहाचं भाडं भरणारा आणि जुना कीबोर्ड देणारा एकामागून एक येतात, आवाजात तसूभर फरक नाही. एका वर्षी ‘व्हीजीए ते एचडीएमआय अडॅप्टर, एक’ असं वाचल्यावर मागच्या रांगेतला एक शाळकरी मुलगा ताडकन उभाच राहिला. शाळेत हजेरी देतात तसं ‘हजर’ म्हणाला. कुणी हसलं नाही. ताईंनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. उत्तमोत्तम भाषणं ऐकलीत मी या मंडळात, पण घसा दाटतो तो या यादीला.

‘सॉफ्टवेअर फुकट, मग वर्गणी कशाला?’ हा प्रश्न दर वर्षी एक तरी नवा माणूस विचारतो. जीपीएल म्हणजे लिनक्स कुणालाही वापरू आणि वाटू देणारा परवाना. ताईंचं उत्तर ठरलेलं: सभागृह जीपीएलखाली मिळत नाही.

एकदा मात्र सगळा खर्च उचलायला एक कंपनी तयार झाली होती. मंचावर फलक, अर्धा तास भाषण आणि येणाऱ्यांच्या फोन नंबरांची यादी, एवढंच मागणं. पहिल्या दोन गोष्टींवर आम्ही विरघळलोच होतो. दुपारी लोकांना खासगीपणावर व्याख्यान द्यायचं आणि संध्याकाळी त्यांचेच नंबर पोचवायचे, हे कसं जमणार? ताई एवढंच म्हणाल्या, ‘यादी मिळणार नाही.’ त्या वर्षी टी-शर्ट निघाले नाहीत. पुढच्या वर्षी काही नेहमीचे चेहरेही दिसले नाहीत. टी-शर्टसाठी कोण येत होतं ते कळलं, एवढा फायदा झाला.

हजेरीबद्दल मी बोलायला लागलो की घरचे विषय बदलतात, पण बोलतोच. ‘नक्की येतो’ लिहिणाऱ्यांच्या भरवशावर खुर्च्या मांडाव्यात तर निम्म्या रिकाम्या. गर्दी होते ती मायक्रोसॉफ्टच्या कृपेने: ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला तेव्हा, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा संपला तेव्हा. त्यावर लिनक्स घालून घ्यायला जुने लॅपटॉप काखोटीला मारून रांग लागते. मशीन सुरू झालं की मालक पसार. अपवाद आमच्या निवृत्त बाईंचा: त्या एक रडतखडत चालणारा लॅपटॉप घेऊन आल्या, बाहेर रांग खोळंबली असताना डिस्कचं पार्टिशन म्हणजे काय ते समजल्याशिवाय उठल्या नाहीत, आणि आता इन्स्टॉलेशनचं टेबल त्याच चालवतात. ‘आधी बॅकअप दाखवा’ असं त्या म्हणाल्या की भले भले इंजिनिअर मुकाट्याने घरी हार्ड डिस्क आणायला जातात.

आभारात नावं घेत नाही, एक राहिलं तर वर्षभर ऐकावं लागतं. पण नोंदणीच्या टेबलावरची दोघं, ध्वनिक्षेपकवाले भाऊ, स्वतःचा राउटर आणून दिवसभर त्याच्याशेजारी बसणारा, भित्तिपत्रकं करणारी, भाषणांचं चित्रीकरण महिनोन्‌महिने संपादित करणारा, सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत आणणारी चौकडी, उशीर झाला तरी कुलूप घेऊन न कुरकुरता थांबणारे काका, आणि जिन्यावरून टेबलं चढवणारी मुलं. वायरी गुंडाळणारी ती मुलगीही. गेल्या वर्षी तिचं राहिलं, तर तिच्या आईने थेट ताईंना फोन केला होता.