झाइर्यू कार्ड हातात आलं, पण नोंदणी अजून बाकी आहे

टोकियोच्या नरिता किंवा हानेदा विमानतळावर उतरलं की इमिग्रेशनच्या खिडकीवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं जपानमधलं रहिवासी ओळखपत्र, मिळतं, आणि आता जपानमधली नोंदणी झाली असं अनेकजण धरून चालतात. पण त्या कार्डावर पत्त्याच्या जागी ‘अजून ठरलेला नाही’ असंच छापलेलं असतं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे आपल्या वॉर्डाच्या कचेरीत जाऊन कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यावा लागतो. जाताना घरातल्या सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट सोबत ठेवा. मुदत चुकली तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सबळ कारण नसताना 90 दिवस नोंद केली नाही, तर राहण्याचा परवानाही रद्द होऊ शकतो.

ही नोंद जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत होते. 9 जुलै 2012 पूर्वी परदेशी माणसांची नोंद वेगळ्या कायद्याखाली, वेगळी ठेवली जायची. जपानी नवऱ्याच्या दाखल्यावर परदेशी बायको घरातली सदस्य म्हणून रीतसर दिसतच नसे. तो अन्याय दूर झाला हे फार चांगलं झालं. आता जुमिनह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, सगळ्या कुटुंबाचा एकत्र निघतो. त्यासाठी नातं मात्र सिद्ध करावं लागतं. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला आणि त्यांचं जपानी भाषांतर भारतातून निघण्यापूर्वीच तयार ठेवा. भाषांतराखाली ते करणाऱ्याचं नाव हवं.

नावाची अडचण मराठी माणसाला हमखास येते. कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत, आडनाव आधी, असं येतं. पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं असेल, तर ते लांबलचक नाव तसंच्या तसं उतरतं. बँकेत ते काताकानात, म्हणजे परदेशी शब्द लिहायच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं आणि तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पगार जमा होताना अडतो. पहिल्याच दिवशी काताकानातलं एक रूप पक्कं करा, कुयाकुशोत तेच नोंदवा, आणि बँक, कंपनी, फोन सगळीकडे तेच वापरा.

कोणत्या कचेरीला काय कळतं, हा सगळ्यात घोळाचा भाग. कुयाकुशोत दिलेला पत्ता इमिग्रेशनला आपोआप कळतो. नोकरी बदलली तर मात्र कुयाकुशोचा संबंध नाही. 14 दिवसांत थेट इमिग्रेशनला कळवायचं, ते ऑनलाइनही होतं. नवी कंपनी कळवेल या भरवशावर राहू नका, ही जबाबदारी आपली स्वतःची असते. दुसऱ्या वॉर्डात किंवा शहरात घर बदलताना जुन्या कचेरीतून नाव काढायचं आणि नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर 14 दिवसांत लावायचं.

राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज साधारणपणे मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. फोटो 4 बाय 3 सेंटिमीटरचा लागतो. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त मुदतीनंतर दोन महिने, राहता येतं. नव्या कार्डाचा नंबर वेगळा असतो, तेव्हा बँकेला ते कार्ड दाखवायला हवं. नाहीतर खात्याचे व्यवहार थांबू शकतात. माय नंबर कार्डाची, म्हणजे जपानमधल्या प्रत्येक रहिवाशाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाच्या कार्डाची, मुदतही राहण्याच्या परवान्याशी बांधलेली असते, पण झाइर्यू कार्ड नवं झालं म्हणून ती आपोआप वाढत नाही. जुनी तारीख उलटण्याआधी कुयाकुशोत जाऊन ती वाढवून घ्या.

वय 16 पूर्ण झालेल्या प्रत्येकाने झाइर्यू कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. कार्ड असलेल्या माणसाने त्याऐवजी पासपोर्ट दाखवून चालत नाही. ते हरवलं तर पोलिसांकडे नोंद करून पावती घ्या आणि कळल्यापासून 14 दिवसांत इमिग्रेशनकडे नवं मागा.

गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाताना विमानतळावरच्या छोट्या फॉर्मवर ‘परत येणार’ या चौकटीत खूण करायची, आणि वर्षाच्या आत परतायचं. परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच शेवटची तारीख. खूण राहिली तर परवाना तिथेच संपतो आणि पुन्हा नव्याने व्हिसा काढावा लागतो. ही खूण झाल्याशिवाय काउंटरवरून पासपोर्ट उचलू नका.