अण्णांचा दोरा आणि ऑस्ट्रेलियातले 14 मुक्काम

माझे सासरे, अण्णा, मिरजेजवळच्या हायस्कूलमध्ये 31 वर्षं भूगोल शिकवत होते. ऑस्ट्रेलियाचा नकाशा त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की आजही न बघता काढतात. आधी वरचं कार्पेंटारियाचं आखात, मग केप यॉर्कचं टोक, सगळ्यात शेवटी खाली टास्मानियाचा ठिपका आणि मधोमध एक फुली. फुलीशेजारी ते लिहायचे, ‘एअर्स रॉक’.

2024 च्या संक्रांतीला घरात ठरलं की दिवाळीच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाला जायचं. अण्णा 77 वर्षांचे, आई 72 च्या, नवरा, मी आणि आठवीतला मुलगा. आखणीचं काम मी अंगावर घेतलं. ते पुढे आठ महिने चाललं, आणि त्यात मी जे शिकले ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मी प्रत्येकाला विचारून यादी केली. मुलाला मेलबर्नचं क्रिकेट मैदान, गोल्ड कोस्टची थीम पार्क आणि मार्चमध्ये वेळापत्रक आल्यावर पर्थची कसोटी. आईंना पेंग्विन. नवऱ्याला ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यावर गाडी चालवायची होती, मला सिडनी आणि समुद्रातले प्रवाळ. शिवाय मैत्रिणींनी सुचवलेलं टास्मानिया, ॲडलेड, ब्रिस्बेन. अण्णांनी एकच सांगितलं, “जमलं तर तो खडक.” यादीत दहाहून जास्त ठिकाणं झाली. त्याच सुमारास एका सहल कंपनीचं माहितीपत्रक घरी आलं, त्यात अकरा दिवसांत सात शहरं होती. ते बघून मला वाटलं, मग आपले सोळा दिवस म्हणजे भरपूर झाले.

त्या संध्याकाळी अण्णांनी त्यांचा जुना ॲटलास काढला आणि आईंच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा मागून घेतला. सिडनीवर दोऱ्याचं टोक डाव्या अंगठ्यानं दाबलं, दोरा ताणून पर्थपर्यंत नेला, तिथे नखानं खूण केली आणि दोरा उचलून पानाच्या तळाशी असलेल्या प्रमाणपट्टीवर ठेवला. सव्वातीन हजार किलोमीटरच्या वर गेला. नातवाला म्हणाले, “आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबी किती?” तो म्हणाला, “3,214.” “म्हणजे सिडनीहून पर्थला जाणं हे अख्खा भारत उभा ओलांडण्यापेक्षा जास्त आहे. आणि हा अजून एकच दोरा झाला.” मग त्यांनी सिडनी ते केर्न्स (प्रवाळ बघायला जायचं ते उत्तरेकडचं शहर) मोजलं, जवळजवळ 2,000. सिडनी ते उलुरू (एअर्स रॉकचं तिथल्या मूळ रहिवाशांनी ठेवलेलं नाव), 2,000 च्या पुढे. केर्न्स ते मेलबर्न, 2,300 च्या आसपास. क्षेत्रफळात हा देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे हे मलाही पाठ होतं, पण तो आकडा कधी माझ्या हाताला लागला नव्हता.

त्या दिवसापासून मी ठिकाणं मोजणं सोडलं आणि मुक्काम मोजायला लागले. विमानाचा प्रवास साडेतीन तासांचा दिसतो, पण खोली सोडणं, सामान, दोन तास आधी विमानतळ, उतरल्यावर पुन्हा गाडी आणि पुन्हा खोली, यात तो दिवस संपतो. म्हणून नियम केला: कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही आणि देशातल्या देशात तीनच विमानं. अपवाद फक्त ग्रेट ओशन रोडवरच्या एका रात्रीचा. या नियमात पर्थ, टास्मानिया, ॲडलेड, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट सगळं गेलं. मुलगा दोन दिवस गप्प होता. पर्थची कसोटी 22 नोव्हेंबरला सुरू होणार होती आणि आम्हाला त्याआधीच परतायचं होतं, त्यामुळे तारखाही जुळत नव्हत्याच. (ती कसोटी त्यानं घरीच पाहिली, सकाळी 7:50 पासून. भारत 295 धावांनी जिंकला, आणि पर्थचा विषय आनंदानं मिटला.)

आता हवामान. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात एवढं सगळे सांगतात, पण तेवढ्यानं भागत नाही. नोव्हेंबरात सिडनी-मेलबर्नला वसंत असतो, मधल्या वाळवंटात ऊन तापायला लागलेलं असतं, आणि उत्तरेला केर्न्सला आपल्याकडे मृगाच्या आधी असतो तसा दमटपणा असतो. शिवाय नोव्हेंबर ते मे तिथल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात, तेव्हा अंगभर घट्ट सूट घालूनच पाण्यात उतरायचं. उलुरू आणि केर्न्ससाठी जून ते ऑगस्ट हा सगळ्यात चांगला काळ, पण तेव्हा आपल्या शाळा ऐन भरात असतात. एप्रिल-मे ज्यांना जमेल त्यांनी तेव्हा जावं असं माझं मत आहे. आम्हाला दिवाळीच शक्य होती, म्हणून उन्हाचं सगळं सकाळी अकराच्या आत बसवायचं ठरलं.

पहिल्या आराखड्यात मेलबर्न आधी होतं. भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती. ती करून रात्री निघायचं आणि 4 ला मेलबर्नला उतरायचं. हॉटेलांचे दर बघितले तर मागच्या आठवड्याच्या कितीतरी वर. मला कारण कळेना. नवऱ्याची मावसबहीण मेलबर्नला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, “अगं, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे मेलबर्न कप असतो. घोड्यांच्या शर्यतीची सार्वजनिक सुट्टी असते इथे! तू ऐन त्यातच येतेयस.” तो मंगळवार म्हणजे 5 तारीख. मी सगळा क्रम उलटा केला: सिडनी चार रात्री, उलुरू दोन, केर्न्स तीन, मेलबर्न पाच, आणि परतीचं विमान मेलबर्नहूनच. एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं, अशी तिकिटं एकाच आरक्षणात मिळतात. त्यामुळे पुन्हा सिडनीला यायचा दिवस आणि भाडं, दोन्ही वाचलं. तुमच्या तारखा ठरल्या की तिथल्या राज्यांच्या सुट्ट्या आणि शाळांच्या सुट्ट्या आधी बघा, मग हॉटेलं.

घड्याळाचा घोळ मला कागदावर मांडावा लागला. ऑक्टोबरपासून सिडनी-मेलबर्नची घड्याळं एक तास पुढे करतात, केर्न्सच्या क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत, आणि उलुरूचं घड्याळ मुळातच अर्ध्या तासानं वेगळं. म्हणजे सिडनीहून उलुरूला उतरलो की दीड तास मागे, तिथून केर्न्सला अर्धा तास पुढे, मेलबर्नला आणखी एक तास पुढे. तिकिटावर सिडनी-उलुरू प्रवास दोन तासांचा दिसतो तो यामुळेच. अण्णांच्या औषधांच्या वेळा मी या तिन्ही घड्याळांप्रमाणे वेगळ्या लिहून डबीवर चिकटवल्या.

व्हिसाला जुलैत हात घातला. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, ऑनलाइन, पण कुटुंबाचे अर्ज एका गटात जोडता येतात. बँकेची स्टेटमेंटं, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, अण्णांच्या पेन्शनचं पासबुक. आमच्या लग्नाचा दाखला मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं. सगळ्यांनी जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिले. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना वैद्यकीय तपासणी लागते, ही गोष्ट मी आधी वाचली नव्हती. अण्णांच्या अर्जावर तपासणीचं पत्र आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. व्हिसा खात्यानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. छातीचा एक्स-रे झाला, रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी दिली. बाकी चौघांचे व्हिसे आले आणि अण्णांचा येईना. ते रोज संध्याकाळी फक्त एवढंच विचारायचे, “काही आलं का गं?” पुढे ऑगस्टमध्ये एका सकाळी ईमेल आली. पासपोर्टवर शिक्का वगैरे नसतो, पत्रच असतं. मी ते छापून त्यांच्या हातात दिलं, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. घरात 75 च्या पुढचं कोणी असेल तर त्यांचा अर्ज सगळ्यात आधी भरा, आणि परत न मिळणारी तिकिटं तोवर काढू नका.

तिकिटांच्या वेळी आईंचं नाव आणि पतीचं नाव एका संकेतस्थळावर उलटसुलट पडलं. आपल्या पासपोर्टवर दोन्ही नावं एकाच रकान्यात असतात, त्यामुळे असं होतं. फोनवर पाऊण तास गेला, पण दुरुस्त झालं. पैसे भरायच्या आधी पासपोर्ट समोर ठेवून एक-एक अक्षर जुळवा.

उलुरूवरून मात्र घरात खरी चर्चा झाली. सगळ्यात महाग तेच होतं. राहायला आजूबाजूला दुसरं काही नाही, सगळी हॉटेलं युलारा या एकाच वसाहतीत. ॲलिस स्प्रिंग्ज जवळ असेल असं वाटतं, ते रस्त्यानं जवळजवळ 450 किलोमीटर आहे. ओळखीचे म्हणाले, एक दगड बघायला पाच जणांची विमानं? अण्णाही एकदा म्हणाले, “राहू दे, तेवढ्यात तुमचं दुसरं काही होईल.” तेव्हा आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं काय हवं विचारलं, तर यांनी भिंतीवरचा तो जुना नकाशा मागून आणला. तो अजून माळ्यावर आहे.” मी त्याच रात्री उलुरूचं आरक्षण केलं. त्यासाठी सिडनीतली महागडी खोली सोडून उपनगरात, रेल्वे स्टेशनजवळ, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. त्याचा पुढे फायदाच झाला, आईंना सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात घरचा मिळाला.

फराळाचं सांगायला हवं. आईंना बहिणीच्या लेकीसाठी सगळं न्यायचं होतं. तिकडे खाण्याच्या वस्तूंचे नियम फार कडक आहेत. पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाई, ताजी फळं, बिया घरीच ठेवल्या. चकली, कडबोळी आणि भडंग मूळ पाकिटांत, एकाच पिशवीत, सगळ्यात वर. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे ‘हो’ वर खूण केली. सिडनीला अधिकाऱ्यानं पिशवी उघडून पाहिली, भडंग म्हणजे काय ते विचारलं आणि जाऊ दिलं. लपवलं तर मोठा दंड होतो, सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात. त्यामुळे निःसंकोच सांगा.

केर्न्सला बाहेरच्या प्रवाळापर्यंत बोटीचे दीड-दोन तास लागतात आणि समुद्र हलतो, म्हणून अण्णा-आईंसाठी पाऊण तासावरचं ग्रीन आयलंड निवडलं. प्रवाळावरच तयार झालेलं बेट, आणि काचेच्या तळाची बोट. ग्रेट ओशन रोड बहुतेक लोक मेलबर्नहून एका दिवसात उरकतात. आम्ही एक रात्र पोर्ट कॅम्पबेलला राहिलो आणि तोच या सगळ्या आखणीतला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. दुपारच्या बसगाड्या गेल्यावर ट्वेल्व्ह अपोसल्स या समुद्रातल्या खडकांसमोर आम्ही जवळजवळ एकटे होतो. महाराष्ट्राचं लायसन्स इंग्रजीत असल्यानं गाडी भाड्यानं मिळाली, रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा. फक्त अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही, कांगारू आडवे येतात. पेंग्विन सूर्यास्तानंतरच समुद्रातून वर येतात, म्हणून फिलिप आयलंडला बसनं गेलो. तिथे फोटो काढायला बंदी आहे. आईंना ते फार आवडलं, सगळे शांत बसून बघत होते.

उलुरूला 9 तारखेची सकाळ अण्णांसाठी राखून ठेवली होती. खडकावर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे, आणि 1985 साली त्याच तारखेला ती जमीन त्यांना परत मिळाली. मुलाला हे अण्णांनी विमानातच सांगून ठेवलं होतं. उजाडल्यावर निघालो, डोक्यावर माश्यांसाठी जाळ्या, प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. मुतिजुलू पाणवठ्याची वाट जाऊन-येऊन एकच किलोमीटर, सपाट, चाकाची खुर्चीही जाईल अशी. आखताना मी अण्णांच्या गुडघ्यांसाठी हीच वाट शोधून ठेवली होती.

अण्णा खडकाजवळ थांबले आणि काठीनं वरून खाली एक रेघ दाखवली. “हे थर बघ. आडवे साचले होते, आता जवळजवळ उभे आहेत. आणि हा लाल रंग गंजाचा. आत राखाडी आहे.” मुलगा जाळी वर करून बघत होता. मग अण्णा बाकावर बसले, खिशातली छोटी वही काढली आणि नकाशा काढला. आखात, केप यॉर्क, टास्मानियाचा ठिपका, मधली फुली. फुलीशेजारी त्यांनी लिहिलं, ‘उलुरू’. आईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली. ऊन वाढत होतं, आम्ही गाडीकडे वळलो.