यवतेश्वरचा घाट, सात रविवार आणि वीतभर नळी

माझी जुनी मारुती 800 घाटात का बंद पडते ते सापडलं, मंडळी! सातव्या रविवारी दुपारी पावणेचारला, गाडीखाली उताणा पडलेलो, काखेत पेट्रोल ओघळतंय आणि डोळ्यात गंजाचा भुगा, अशा अवस्थेत सापडलं. मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली, विषय संपला. ते वाक्य मागे घेतो. त्याच्या आधी कार्बोरेटरबद्दल लिहिलेलंही मागे घेतो. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं तर नावच काढू नका.

दुखणं तेच जुनं. 94 ची पांढरी 800 गावात कितीही फिरवा, हायवेला साठने पळवा, कुरकुर नाही. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणाला पाय दाबूनही रेस घेत नाही, मग दोन आचके आणि गप्प. दोन मिनिटं थांबून स्टार्टर मारला की जणू काही झालंच नाही अशी चालू.

या दोन मिनिटांनीच माझा घात केला. एप्रिलचं ऊन, तापलेलं बॉनेट, म्हणून सगळ्यात आधी संशय आला तो पंपात पेट्रोलची वाफ धरण्याचा. घाटात बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं टाकलं, वर बाटलीभर पाणी ओतलं. चालू झाली! घरी येऊन बायकोला विजयी मुद्रेने सांगितलं. पुढच्या रविवारी ओलं फडकं बांधूनच निघालो, त्याच वळणाला बंद. मग कॉइलला हात लावला तर चटका बसला. जुनी कॉइल काढून नवी लावली तिथेच, रस्त्याच्या कडेला. चालू झाली! त्याच भरात मागचं अपडेट लिहिलं. आता कळतंय की त्या घाटात मी बॉनेट उघडून नुसती शिट्टी वाजवली असती तरी गाडी चालू झाली असती. प्रत्येक उपायाला दोन मिनिटं लागत होती आणि गाडीलाही तेवढीच हवी होती.

खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. तापून मेलेली कॉइल दोन मिनिटांत थंड होत नाही, तिला अर्धा तास लागतो. पण माणूस एकदा कॉइलच्या प्रेमात पडला की पडला.

मधल्या काळात पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी वेळेवर पाडणारी जोडी) नवे टाकले. फीलर गेजने पॉइंटची गॅप 0.45 मिमीला आणली आणि आयडलिंग इतकं गोड बसलं की आई आतून विचारायला आली, "बंद पडली का रे परत?" तीन सिलेंडरच्या इंजिनाला याहून मोठी पावती नाही. हा एक आनंद पदरात पडला, तो मी कुणाला देणार नाही.

कार्बोरेटर मात्र विनाकारण उघडला. किट ऑनलाइन मागवलं. वरच्या झाकणाच्या गॅस्केटची दोन भोकं जुळेनात, नीडल तर भलत्याच मापाची. बॉक्सवर होलोग्राम, आत कचरा. शेवटी पुण्याला कामाने गेलो तेव्हा नाना पेठेत उतरून, जुनी गॅस्केट हातात धरून, चौथ्या दुकानात मिळाली. जुना पार्ट हातात घेऊन गल्ली फिरण्याला पर्याय नाही हे माझं मत आता पक्कं झालंय. आपल्या गाडीचं नशीब असं की 2014 च्या जानेवारीत 800 बनायची थांबली तरी हेच एफ8बी इंजिन ओम्नीत 2019 पर्यंत जात होतं, म्हणून गल्ल्यावरचा माणूस "800 ना? ओम्नीचं चालेल" म्हणत काहीतरी काढून देतो. सगळंच चालत नाही, पण निदान तोंड तरी फिरवत नाही.

पंप बदलताना झालेला राडा वेगळाच. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, त्यावर पंप दोन बोल्टांवर. नवा पंप बसवताना पुढचा बोल्ट "अजून थोडा" म्हणून आवळला आणि हाताला तो मऊ, लोण्यासारखा फिरणारा अनुभव आला. आटे गेले. टॉर्क रेंच कपाटात होता, हे वेगळं सांगायला नको. हेड काढून लेथवर न्यायची हिंमत नव्हती. ओळखीचा लेथवाला टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) घेऊन स्कूटरवर घरी आला. त्याने आधी आत फडक्याची गुंडाळी कोंबली, कारण मागे कॅमशाफ्ट आहे. मग टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, टॅप काढायचा, ग्रीसला चिकटलेला भुगा पुसायचा, परत ग्रीस. वीस मिनिटं हेच. चारशे रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, "दहाच्या पान्याला एवढी ताकद लावायची नसती." ऐकून घेतलं.

नवा पंप, नवा फिल्टर, हेलिकॉइल, परत घाट. परत बंद.

तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि अंदाजाऐवजी मोजमाप सुरू केलं. गाडी मोकळ्या हवेत ढकलून आणली, कॉइलची वायर काढून ठेवली, मुलाला लांब बसवलं, शेजारी अग्निशामक सिलेंडर. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं. पहिल्या काही पिचकाऱ्या जोरदार, मग बारीक, मग नुसती थुंकी. आता पंपाची येणारी बाजू टाकीपासून तोडून कॅनमध्ये बुडवली आणि तेच केलं. पिचकारी शेवटपर्यंत तशीच. म्हणजे पंप ठणठणीत, भानगड पंपाच्या मागे.

मागे उरलं काय? फिल्टर नवा. टाकीचं झाकण उघडं ठेवून पाहिलं, फरक नाही. राहिली टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची लाईन. सायकलचा पंप इंजिनच्या टोकाला लावून हवा मारली. मुलगा टाकीच्या तोंडाला कान लावून बसलेला, "बाबा, गुडगुडतंय!" हवा अगदी मोकळी जात होती. झालं, लाईन साफ असा शिक्का मारला आणि पुढचे दोन रविवार टाकीतल्या जाळीला दोष देत घालवले. पेट्रोल उपसलं, फ्लोटचं युनिट (पेट्रोलची पातळी सांगणारं) काढलं (पाच स्क्रूंपैकी दोन तुटले, त्यांची कथा परत कधी), टॉर्च मारून पाहिलं. टाकी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ.

शेवटी पोवई नाक्याजवळ पूर्वी गॅरेज असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हवा कुठनं मारली?"

"इंजिनाकडून."

"आन पेट्रोल कुठनं कुठं जातंय?"

मी गप्प.

"आवं मग फुकताय कशाला? वढून बघा की."

मेडिकलमधून साठ रुपयांची मोठी सिरिंज आणली, ती बिनसुईची, जाड तोंडाची. इंजिनच्या टोकाला लावून दट्ट्या हळू ओढला तर पेट्रोल आलं. जोरात ओढला तर दट्ट्या अर्ध्यात अडकला आणि सोडल्यावर टपकन मागे गेला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. हळू ओढा, येतं. जोरात ओढा, बंद. सपाटीला आणि घाटात गाडी नेमकं हेच करत होती!

मागची बाजू जॅकवर घेतली, खाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्या (नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली जाऊ नका, ओळखीतल्या एकाची बरगडी गेलीय), टाकी आणि लोखंडी पाइप यांना जोडणारी वीतभर रबरी नळी गाठली. क्लिपा गंजलेल्या. नळी पिळून काढली तर पाइपची चोच वाकेल म्हणून ब्लेडने उभी चिरली. आत जे दिसलं ते बघून मी गाडीखालीच हसत सुटलो. बाहेरून नळी नवीकोरी, काळी, चकचकीत. आतला थर फुगून सुटलेला आणि त्याची नखाएवढी जीभ आत लोंबत होती. टाकीकडे फुंकर मारली की जीभ भिंतीला चिकटते आणि रस्ता मोकळा. इंजिनाने ओढलं की जीभ उठून दार लावून घेते. ओढ थांबली की परत खाली बसते. ती दोन मिनिटं!

आणि ही नळी कुणी लावली? मीच. दोन वर्षांपूर्वी, जुनी कडक झाली म्हणून. दुकानदाराने विचारलं होतं, पेट्रोलची चांगली देऊ का साधी. साधी सत्तर रुपये मीटर होती. दीड मीटर घेतली, एकशे पाच रुपये. त्यावर ना कसला शिक्का, ना ग्रेड. पेट्रोलसाठीची नळी असेल तर अंगावर छापलेलं असतं, एसएई 30आर7 किंवा 30आर9. आर9 चा आतला थर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी असतो, इथेनॉलला जास्त टिकतो. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि साधं रबर त्यात फुगतं. इथेनॉलला शिव्या घालायला मलाही आवडलं असतं, पण ही नळी जुन्या पेट्रोलमध्येही फार टिकली नसती.

हिशेब वहीत लिहिलाय, तो लपवत नाही. कॉइल 1,150, पॉइंट-कंडेन्सर 380, कार्बोरेटर किट 650, पंप 1,400, हेलिकॉइल 400, दोन फिल्टर 160. एकूण 4,140 रुपये, सगळे पाण्यात. नाना पेठेत उतरायला मोडलेला वेळ धरलेला नाही. खरा इलाज: आर9 नळी दोन मीटर 680, क्लिपा 300, सिरिंज 60. बायकोने वही वाचली आणि फक्त "एकशे पाच" या आकड्याभोवती लाल पेनने गोल केला. 2024 ला पासिंगचे पाच हजार भरले तेव्हाही ती एवढी शांत नव्हती. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आता दहा हजार झालीय आणि आमची पाळी 2029 ला आहे, हे मी अजून घरात बोललेलो नाही.

काल संध्याकाळी घाट चढलो. तिसरं वळण, चौथं, मंदिर, थेट कासपर्यंत. मागे एक टेम्पो हॉर्न मारत होता, त्याला पहिल्यांदाच आनंदाने साइड दिली. कासवरून मिस्त्रीकाकांना फोन लावला. "आता ती बाटली-बिटली काढून टाका," म्हणाले आणि ठेवून दिला.

  

पुढचा बेत 800 च्या फुटबोर्डाचा पत्रा पावसाआधी कापून घ्यायचा होता. पण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. कासवरून उतरल्यावर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा गरम लागत होतं, आणि मी ते ब्रेकच्या पिस्टनवर ढकललं होतं. ब्रेकची नळीही रबराचीच आहे. ती आतून सुटली तर पेडलचा दाब चाकापर्यंत जाईल, पण पाय सोडल्यावर परत येणार नाही. हीच जीभ, दुसऱ्या घरात! पत्रा राहू दे. चाक अडकलेलं असताना मास्टर सिलेंडरकडची (पेडलचा दाब जिथे तयार होतो तिथली) जोडणी सैल करायची. तरी चाक सुटलं नाही आणि चाकाजवळचं ब्लीड निप्पल (ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) उघडल्यावर सुटलं, तर नळीच चोर.

इथे लिहिणं थांबवून खाली जाऊन आलो. चाक वर घेतलं, पेडल दाबून सोडलं, हाताने फिरत नाही. मास्टरकडची जोडणी सैल केली, तरी हलेना. निप्पल मात्र जागचं सरकत नाही. या वेळी ताकद लावलेली नाही. गंज सोडवायचं तेल मारून ठेवलंय, उद्या सकाळी परत मारेन.