आमची वाटचाल : आधी अभ्यासक्रम, मग संगणक

आमच्या फर्मची सुरुवात विक्रीने नव्हे, तर दुरुस्तीने झाली. एक टेबल, एक प्रखर दिवा, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर आम्ही दोघा मित्रांनी काम सुरू केले, तेव्हा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचे बिघडलेले लॅपटॉप हेच आमच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. पुढे याच मुलांचे पालक धाकट्या भावंडांसाठी कोणता संगणक घ्यावा असे विचारू लागले आणि विक्री ओघानेच आली. आज विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासक्रमाला साजेसा संगणक निवडून देणे हा आमच्या कामाचा मोठा भाग झाला आहे, आणि ही निवड आम्ही एका छापील प्रश्नावलीच्या आधारे करतो. ही प्रश्नावली एका बैठकीत तयार झालेली नाही. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आमच्या हातून झालेल्या एखाद्या चुकीनंतर, नाही तर टेबलावर उघडलेल्या एखाद्या यंत्रानंतर लिहिला गेला आहे. त्यामुळे फर्मची वाटचाल सांगायची तर ती या प्रश्नावलीच्याच अंगाने सांगावी लागते.

दुरुस्तीच्या टेबलाने आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. लॅपटॉपचे मागचे झाकण काढले की यंत्र कसे वापरले गेले हे लगेच कळते. पंख्याच्या पुढे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या बारीक जाळीच्या तोंडाशी, धुळीची राखाडी घट्ट पट्टी जमलेली असली, की हा लॅपटॉप वर्षभर गादीवर ठेवून वापरला आहे हे सांगायला वेगळे कोणी लागत नाही. हवा अडली की प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करून घेतो, आणि विद्यार्थी म्हणतो की लॅपटॉप जुना झाला. जाळी साफ करून प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली की तेच यंत्र पूर्वीसारखे चालू लागते. बिजागऱ्यांचेही तसेच आहे. स्वस्त बांधणीत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या लहानशा पितळी नटांत जातात. पडदा रोज एका कोपऱ्याला धरून उघडला, की हळूहळू प्लॅस्टिकला तडा जातो आणि एके दिवशी नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन बाहेर येतो. तीन-चार वर्षे रोज पिशवीतून ने-आण होणार असेल, तर प्रोसेसरच्या आकड्याइतकेच महत्त्व बिजागरीला द्यावे, असे आमचे मत या टेबलावर बनले.

त्या काळात फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क असलेले लॅपटॉप सर्रास मिळत असत. सुरू व्हायला काही मिनिटे घेणाऱ्या अशा यंत्रात आम्ही एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण, बसवून दिली, की मुले नवा लॅपटॉप घेण्याचा विचारच सोडून देत. विक्री करणाऱ्याने हे सांगणे तोट्याचे आहे असे काहींनी आम्हाला ऐकवले, परंतु तीच मुले पुढे आपल्या मित्रांना आमच्याकडे पाठवू लागली.

आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीतली आहे. पहिल्या वर्षाला तिला रेखाटने, सादरीकरणे आणि थोडे ड्राफ्टिंग एवढेच करायचे होते, म्हणून आम्ही तिला वजनाला हलका, दिसायला सुबक, ८ जीबी रॅमचा, म्हणजे चालू कामासाठीच्या मेमरीचा, लॅपटॉप सुचवला. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी त्रिमितीय मॉडेल आणि रेंडरिंग (मॉडेलवरून खऱ्यासारखे चित्र तयार करणे) सुरू झाले आणि प्रत्येक सादरीकरणाच्या आदल्या रात्री तिचे यंत्र अडकू लागले. रॅम वाढवून देऊ, असे मी तिच्या वडिलांना फोनवर मोठ्या खात्रीने सांगितले. टेबलावर झाकण उघडले तेव्हा रॅमचा खण कुठेच नव्हता. प्रोसेसरच्या शेजारी मेमरीच्या काळ्या चौकोनी चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या होत्या. तिच्या वडिलांनी एक शब्दही कठोर काढला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. आम्ही तो लॅपटॉप परत घेतला, किमतीतला फरक स्वतः सोसला आणि त्याच आठवड्यात प्रश्नावलीचा पहिला प्रश्न बदलला. पूर्वी तो ‘कोणत्या शाखेला प्रवेश घेतला आहे?’ असा होता. आता तो ‘शेवटच्या वर्षाला कोणते सॉफ्टवेअर वापरावे लागते?’ असा आहे.

या एका प्रश्नाने आमच्या कामाची पद्धतच बदलली. पालक येतात ते पहिल्या सत्राचा विचार करून. संगणक मात्र सर्वांत जड सत्राला पुरला पाहिजे. उत्तर विद्यार्थ्याला माहीत नसेल, तर आम्ही त्याला विभागाची यादी मिळवायला किंवा वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांना विचारून यायला सांगतो आणि त्या दिवशी काहीही विकत नाही. यंत्र अभियांत्रिकीत वापरले जाणारे सॉलिडवर्क्स, वास्तुकला आणि स्थापत्य अभियांत्रिकीतले रेव्हिट, भूगोलातले आर्कजीआयएस प्रो ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहेत. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण वेगवेगळ्या शाखांसाठीचे तिचे खास टूलसेट विंडोजवरच मिळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले. बॅटरी आणि शांतपणा या बाबतींत ते फार सरस निघाले, मात्र जुन्या इंटेल मॅकवर विंडोज थेट चालवता येत असे, ती सोय त्यांत उरली नाही. उलट आर, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा किंवा क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी काहीही चालते. यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) शिकणाऱ्या मुलांना कुडा या एनव्हिडियाच्या गणनप्रणालीसाठी एनव्हिडियाचेच ग्राफिक्स कार्ड लागते हे खरे आहे, परंतु विभागाकडे सर्व्हर असेल किंवा काम ब्राउझरमधून दूरच्या यंत्रावर करता येत असेल, तर लॅपटॉपमध्येच जड कार्ड घेऊन फिरण्याची गरज नसते. शिवाय ग्राफिक्स कार्डच्या नावावर भिस्त ठेवता येत नाही. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाची लॅपटॉपमधली चिप उत्पादकाने दिलेल्या विजेनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालते, आणि कामाच्या वेगात त्यानुसार मोठा फरक पडतो.

सर्वांत निष्काळजी सल्ला मिळतो तो मात्र साहित्य, इतिहास, कायदा आणि समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांना. तुम्हाला काय, टायपिंगच तर करायचे आहे, कोणताही चालेल, असे त्यांना सगळीकडे ऐकावे लागते. वास्तविक दिवसाचे सहा-सात तास पडद्यावर वाचणारा आणि शेकडो पाने टाइप करणारा विद्यार्थी तोच असतो. त्याच्या गळ्यात १३६६ × ७६८ चा फिकट पडदा आणि दाबताना मध्यभागी खचणारा कीबोर्ड मारणे हा मला अन्याय वाटतो. म्हणून अशा विद्यार्थ्याला आम्ही टेबलाशी बसवून त्याच्याच विषयाचा एखादा लेख दहा मिनिटे वाचायला आणि एक पान टाइप करायला लावतो. १९२० × १०८० चा पडदा हा आम्ही किमान मानतो. १९२० × १२०० चा मिळाला तर उभ्या दिशेने पिक्सेलच्या आणखी १२० ओळी मिळतात, आणि लांब मजकूर वाचताना त्याचा उपयोग होतो. पडदा मॅट आहे की चकचकीत, खिडकीकडे पाठ केल्यावर अक्षरे दिसतात की आपलाच चेहरा, हे आम्ही त्याला प्रत्यक्ष पाहायला लावतो. दृश्यकलेच्या मुलांना आम्ही एक गोष्ट जास्त सांगतो: माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचे एक जुने माप) असे लिहिले असेल, तर तो पडदा एसआरजीबी या नेहमीच्या मापातल्या रंगांपैकी साधारण साठ-पासष्ट टक्केच दाखवतो आणि छापलेल्या कामात रंग फसतात.

२०२० मध्ये वर्ग घरी आले आणि आमच्याकडे नव्या यंत्रांचा साठा पाहता पाहता संपला. त्या दिवसांत घाईने घेतलेले, मदरबोर्डवर जोडलेल्या ६४ जीबी ईएमएमसी या स्वस्त, बदलता न येणाऱ्या साठवणीचे अनेक लॅपटॉप पुढे आमच्याकडे आले. विंडोजच्या एका मोठ्या अपडेटलाही त्यांत जागा उरत नसे. त्याच वेळी आम्ही कार्यालयांतून निघालेले व्यावसायिक श्रेणीचे जुने लॅपटॉप घेऊन, एसएसडी आणि रॅम बदलून विद्यार्थ्यांना देऊ लागलो. त्यांच्या बिजागऱ्या आणि कीबोर्ड नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा चांगले असत. हा आमच्या फर्मचा दुसरा आधार ठरला, पण त्यानेही एक नवा प्रश्न लिहायला लावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर यांची अट घातली. इंटेलच्या बाबतीत ती साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. तेव्हा जुने यंत्र देताना अभ्यासक्रमाची किती वर्षे उरली आहेत हे आधी विचारावे लागते. काही यंत्रे आम्ही लिनक्स घालून देतो, मात्र परीक्षेवर देखरेख करणारे सॉफ्टवेअर अनेकदा लिनक्सवर चालत नाही, म्हणून तेवढे तपासल्याशिवाय देत नाही.

प्रश्नावलीच्या शेवटी एक ओळ आहे, जी प्रश्न नसून अट आहे. एक संशोधक विद्यार्थी शोधनिबंध सादर करण्यापूर्वी टकटक आवाज करणारी हार्ड डिस्क घेऊन आला होता. तीन वर्षांच्या नोंदी तिच्यात होत्या आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. आम्हाला एकही फाइल वाचवता आली नाही. तो बराच वेळ टेबलासमोर काही न बोलता बसून राहिला. तेव्हापासून यंत्र हाती देण्यापूर्वी आम्ही फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर आपोआप जाईल अशी व्यवस्था विद्यार्थ्यासमोर लावतो आणि एक फाइल मुद्दाम काढून टाकून ती परत आणून दाखवतो. त्याच वेळी प्रश्नावलीच्या कागदामागे रॅमचा खण रिकामा आहे की नाही, दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का, बॅटरी किती वॅट-तासांची आहे आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय कुठे आहे, हे लिहून देतो.

सध्या पालक हमखास विचारतात ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी वेगळा प्रोसेसर, म्हणजे एनपीयू, असलेल्या लॅपटॉपबद्दल. २०२४ मध्ये आलेल्या कोपायलट प्लस श्रेणीसाठी मायक्रोसॉफ्टने ४० टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा, एनपीयू आणि किमान १६ जीबी रॅम अशी अट ठेवली आहे. यांतली १६ जीबी रॅम प्रत्येक विद्यार्थ्याच्या उपयोगाची आहे, आणि मेमरी सोल्डर केलेली असेल तर त्याहून कमी घेऊच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. एनपीयूची मागणी करणारी एकही विभागीय यादी अजून आमच्या टेबलावर आलेली नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजायला आम्ही कोणालाही सांगत नाही. अशी यादी आली की प्रश्नावलीत तोही प्रश्न येईल.