दोन 'किनाऱ्यावर'

सर्व्हरवर 'किनाऱ्यावर' नावाचे दोन फोल्डर दिसले. अक्षर न् अक्षर सारखं. दोन्हीत आईचे तेच फोटो.

आज घरच्या बॅकअपची चाचणी घेत होते, आरसिंक (एका यंत्रावरच्या फाइली दुसरीकडे नेऊन जुळवणारं साधन) वापरून. दीड तास गेला, मग सापडलं. तो 'ऱ'! लिनक्सवर टाइप केलेला ऱ म्हणजे एकच चिन्ह, 3 बाइट. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस (मॅकची फाइली साठवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर मात्र तोच 'र' आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा फोडून साठवलेला, 6 बाइट. डोळ्यांना एक, यंत्राला दोन.

आरसिंकला नावं एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलायला सांगितलं, दुरुस्त झालं. पण चाचणीसाठी मी आधी सगळी इंग्रजी नावं दिली होती, आणि तेव्हा सगळं बिनचूक चाललं होतं.

वाऱ्यावर, दुसऱ्या, पायऱ्या... आपल्या रोजच्या शब्दांत हा ऱ किती ठिकाणी आहे! तुमच्या बॅकअपमधून मराठी नावाची फाइल कधी परत काढून बघितलीय?