हेल्मेटच्या वर किती जागा?

शर्यतीची बकेट सीट बसवून घ्यायला माझ्याकडे येणारा माणूस बहुधा रुंदी मोजून आलेला असतो. दाराखालचा सिल ते गिअरबॉक्सवरचा टनेल यांत किती अंतर आहे, शेल म्हणजे सीटचं एकसंध कवच त्यात मावेल का, कंबर शेलमध्ये मावेल का, हे सगळं त्याला पाठ असतं. उंची मात्र क्वचितच कोणी मोजतं. आणि उघड्या गाडीत तीच आधी मोजायला हवी.

त्या दिवशी आलेली गाडी माझदा एमएक्स-५ होती, तिसऱ्या पिढीतली, कापडी टपाची. गाडी बापलेकीची. ट्रॅकवर दोघं आळीपाळीने तीच चालवणार. वडील सहा फुटांच्या वर, त्यातही पायांपेक्षा धड लांब. मुलगी त्यांच्या खांद्यापर्यंतही न पोचणारी. रोल बार (गाडी उलटली तर तिचा भार घेणारी सीटमागची लोखंडी कमान) आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट, आधीच बसवलेला होता. सोबत नवा फायबरग्लासचा शेल, सीट पुढेमागे सरकवणारा स्लायडर आणि कोणत्याही गाडीला चालते म्हणून विकली जाणारी लोखंडी पट्ट्यांची चौकट. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर पोचायचं होतं.

शेल उत्तम होता. पाठीवरचं लेबल मी नेहमी आधी वाचतो. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५५-१९९९ या मानकाची सीट उत्पादनाच्या वर्षापासून पाच वर्षं ग्राह्य धरतात, ८८६२-२००९ ची दहा. ही पहिल्या प्रकारची होती आणि मुदत भरपूर शिल्लक होती. जुना शेल असता तर कव्हर उतरवून बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का हेही पाहिलं असतं, कारण फायबरग्लास फुटायला लागतं ते तिथूनच.

मूळ सीट काढणं हे पान्ह्याचं काम वाटतं, पण त्याची सुरुवात बॅटरीपासून होते. या गाडीत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. त्यामुळे बॅटरी सोडवायची, सिस्टीममधला साठलेला करंट उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा. इग्निशन चालू ठेवून तो कनेक्टर ओढू नये, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. सीट बाहेर आली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. मग त्या कनेक्टरमध्ये योग्य किमतीचा रेझिस्टर घालून दिवा विझवतात. याने समोरची एअरबॅग चालू राहते, हे खरं. पण बाजूची एअरबॅग आता गाडीत नाही, आणि दिवा विझलेला असताना ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून असं काम केलं की दाराच्या चौकटीवर तसं लिहिलेलं स्टिकर मी लावतोच. उद्या गाडी विकली गेली तर नव्या मालकाला कळायला हवं.

मग पहिली मांडणी केली. सगळं नुसतं ठेवून, दोन-दोन बोल्ट हाताने फिरवून. खाली चौकट, त्यावर स्लायडर, त्यावर शेलला दोन्ही बाजूंनी धरणारे साइड माउंट, त्यात शेल. वडील आत बसले, हार्नेस ओढून घेतला, हेल्मेट चढवलं. मी ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी घेतली, एक टोक रोल बारच्या माथ्यावर टेकवलं आणि दुसरं विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवर आणायला गेलो. पट्टी तिथवर गेलीच नाही. मध्ये हेल्मेट आडवं आलं.

वडिलांना पट्टी डोक्याला लागल्याचं कळलं. ते म्हणाले, "थोडी मान खाली घालून चालवेन हो. ट्रॅकवर मी कुठे फार जोरात जातो!"

मुलगी दारापाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, उतरा."

तिने तसं म्हटलं नसतं तर मलाच म्हणावं लागलं असतं, आणि त्यांनी ते ऐकलंच असतं असं नाही. गाडी उलटली तर ती दोन ठिकाणी टेकते, मागे रोल बारवर आणि पुढे विंडस्क्रीनच्या चौकटीवर. त्या दोहोंमधून जाणारी रेषा म्हणजे जमीन. मी हातात धरलेली पट्टी ही उलटलेल्या गाडीखालची जमीन होती आणि त्यांचं डोकं तिच्या पलीकडे गेलेलं होतं. त्यात हार्नेस माणसाला सीटला घट्ट धरून ठेवतो. साध्या पट्ट्यात शरीर थोडं तरी कलतं, हार्नेसमध्ये कलायला वाव नसतो. मार थेट मानेवर. शिवाय विंडस्क्रीनची चौकट काही रोल बारइतकी मजबूत नसते, ती दबणार हे धरूनच चालावं लागतं. म्हणून रेषेला नुसतं न लागणं पुरेसं नाही. हेल्मेट रोल बारच्या माथ्याखाली निदान पाच सेंटिमीटर हवं, असं मी धरतो.

स्लायडर काढून शेल थेट गाडीच्या फ्लोअरलगत बसवला की उंचीचा प्रश्न सुटतो. एकट्या ड्रायव्हरची गाडी असती तर मी तेच केलं असतं. पण मग मुलीचा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता. पाठीमागे गादी घालून तिला पुढे आणावं म्हटलं, तर एफआयएच्या नियमात सीट आणि माणूस यांच्यामधल्या गादीची जाडी जास्तीत जास्त ५० मिलिमीटर. दोघांच्या पायांतला फरक त्याच्या कितीतरी पुढचा. स्लायडर हवाच होता.

मग अडचण होती ती त्या चौकटीची. तिच्या आडव्या पट्ट्या शेलखालून जात होत्या आणि शेल त्यांच्या वरच राहत होता, म्हणजे शेलच्या बुडाखालची सगळी जागा वाया. चौकट बाजूला ठेवली आणि ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटमधून इंग्रजी एलच्या आकाराचे ब्रॅकेट स्वतः कापले, असे की शेल स्लायडरच्या दोन्ही रेलांच्या मध्ये खाली उतरेल. नियम किमान ३ मिलिमीटर पोलाद मागतो. पण एवढ्या उंच माणसाचं वजन ब्रेकिंगमध्ये पुढे ढकललं जातं तेव्हा ब्रॅकेट वाकलेला मला पाहायचा नव्हता. ब्रॅकेट गाडीच्या मूळच्या चार जागांवरच बसवले. फ्लोअरच्या पत्र्यात नवी भोकं पाडायचा मोह अशा वेळी होतो. पण तो पत्रा पातळ असतो, आणि मागून प्रत्येक बोल्टला किमान ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट नसेल तर अपघातात बोल्ट पत्र्यातून उपटून येतो. मूळच्या जागा कारखान्यात त्यासाठीच मजबूत केलेल्या असतात.

शेल आता फ्लोअरपासून बोटभर वर होता. पट्टी पुन्हा धरली तर हेल्मेट रेषेखाली गेलं होतं, पण पाच सेंटिमीटर काही भरत नव्हते. राहिलेलं अंतर कलातून काढलं. साइड माउंटला मागे एकाखाली एक भोकं असतात. मागचा बोल्ट एक भोक खाली घेतला की शेल मागे रेलतो, डोकं खाली आणि मागे जातं. हे हवं तेवढं करता येत नाही. फार रेललं तर कमरेचा पट्टा ओटीपोटावर सरकतो, आणि त्याची जागा कंबरेच्या हाडांवर आहे. गुडघे स्टीअरिंगला भिडतात. हात लांब पडतात. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर आरामात टेकलं पाहिजे. वडिलांचं टेकलं, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेलाही राहिला. डोकं मागे गेल्यामुळे रोल बारचं तेवढं अंतर कमी झालं, म्हणून बारवर कडक पॅडिंग बसवलं. मऊ फोम तिथे कामाचा नाही, हेल्मेट त्यातून सरळ लोखंडावर आदळतं.

तिसऱ्यांदा पट्टी धरली ती मुलीने. तिने स्वतः टेप लावून पाहिली, पाच सेंटिमीटरांहून थोडं जास्त.

मग तिची पाळी. सीट पुढे सरकवली, पाय पोचले, पण शेल इतका खाली गेलेला की तिला बॉनेट दिसेना. तिच्यासाठी शेलमध्ये पिशवी अंथरून दोन रसायनांचा फोम ओतला आणि तिला हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर ठेवून बसवलं. फोम फुगताना गरम होतो, आणि त्या वेळात हलायचं नाही. ती हलली नाही. बुडाखालची जाडी ५० मिलिमीटरच्या आत ठेवली आणि फोम घट्ट जातीचाच घेतला. मऊ गादी धडकेत दबते, शरीर खाली जातं आणि आवळलेला हार्नेस ढिला पडतो. त्या इन्सर्टमुळे तिचे खांदे शेलमधल्या पट्ट्यांच्या भोकांच्या रेषेत आले आणि पट्टे मागे रोल बारकडे जवळजवळ आडवे गेले. पट्टा खांद्यावरून तीव्र उतारावर मागे गेला तर धडकेत तो मणक्याला खाली दाबतो. म्हणून वडील बसले तेव्हाचा कोन आणि ती बसली तेव्हाचा कोन, दोन्ही वेगवेगळे तपासले.

रात्र झाली होती. शेवटी सगळे बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे, शेलकडचे एम८ सुमारे २५ न्यूटन-मीटरला, आणि प्रत्येकावर रंगाची खूण. स्लायडर दोन्ही बाजूंनी लॉक होणारा होता. एकाच बाजूने लॉक होणारा असता तर मी तो बसवलाच नसता, कारण ब्रेकिंगमध्ये सीट पिळवटते. ड्रायव्हर बदलला की दोन्ही हातांनी सीट पुढेमागे हलवून लॉक बसल्याची खात्री करायची, हे दोघांकडून माझ्यासमोर करून घेतलं.

ट्रॅकवरून परतताना ते बोल्ट तपासून घ्यायला आले. मागचा डावा बोल्ट टॉर्क रेंचखाली किंचित वळला, ब्रॅकेटखालचा रंग दबल्यामुळे. बाकीचे जागचे हलले नाहीत. डावा ब्रॅकेट उतरवून रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला आणि नवी खूण केली.