छप्पन कोणत्या मापातले?

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातला तो दिवस होता. पंचगंगेचे पाणी वाढून राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, नदीपलीकडच्या गावांतले विद्यार्थी येऊ शकले नव्हते आणि कोल्हापुरातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जेमतेम सात जण हजर होते. वेळापत्रकातले प्रात्यक्षिक सर्वांसाठी पुन्हा घ्यावेच लागणार होते, म्हणून अनेक वर्षे मनात असलेले एक काम मी त्या दिवशी काढले. लिनक्स या संगणकप्रणालीवर थेट चालणारी (एक्झिक्युटेबल) फाइल, प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि त्याचे तुकडे जोडणारा लिंकर यांच्या मदतीशिवाय, हाताने लिहून तयार करायची.

सुरुवात सी भाषेतल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमने केली. ४२ हा आकडा परत देऊन थांबायचे, एवढेच त्याचे काम. कंपाइल केल्यावर फाइल सुमारे १६ हजार बाइटची निघाली. हे बाइट निरुपयोगी नसतात. त्यांत मुख्य फंक्शनच्या आधीची तयारी, डायनॅमिक लिंकरचा पत्ता, सिंबॉल टेबल आणि ४०९६ बाइटच्या पानांची सीमा गाठण्यासाठी भरलेली शून्ये असतात. पण प्रोग्रॅम सुरू करण्यासाठी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, यांतले नेमके किती लागते, हे तपासल्याशिवाय ‘प्रोग्रॅम चालतो’ म्हणजे काय घडते ते विद्यार्थ्याला कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ईएलएफ हा लिनक्सवरच्या एक्झिक्युटेबल फाइलचा साचा. ६४ बिटच्या ईएलएफ फाइलला आरंभी ६४ बाइटचे हेडर, म्हणजे माहितीचा मथळा, लागते. त्याचे पहिले चार बाइट म्हणजे ७एफ (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या पद्धतीतला आकडा) आणि त्यापुढे ई, एल, एफ ही अक्षरे. नंतर फाइल कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, पहिली सूचना कोणत्या पत्त्यावर आहे, अशी माहिती येते. त्यामागून ५६ बाइटची प्रोग्रॅम हेडरची एक नोंद येते आणि फाइलचा कोणता भाग मेमरीत कुठे, कोणत्या परवानगीने ठेवायचा हे ती सांगते. आम्ही सगळी फाइलच हेक्साडेसिमल ४००००० या पत्त्यावर ठेवायची ठरवली. ६४ आणि ५६ मिळून १२० बाइट झाले, की आमच्या सूचना सुरू होणार. १२० म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये ७८, म्हणून प्रवेशाचा पत्ता ४०००७८. सूचना पाचच होत्या: ६० हा थांबण्याच्या सिस्टिम कॉलचा, म्हणजे कर्नलला करायच्या विनंतीचा, क्रमांक स्टॅक या तात्पुरत्या साठ्यावर टाकून प्रोसेसरच्या आरएएक्स या कप्प्यात काढून घ्यायचा, तसेच ४२ आरडीआय या कप्प्यात घ्यायचे आणि शेवटी सिसकॉल, म्हणजे ती विनंती पाठवणारी सूचना. या पाच सूचनांचे आठ बाइट होतात, म्हणजे फाइल एकूण १२८ बाइटची. सूचना असेंब्लीत, म्हणजे त्यांच्या शब्दरूपात, लिहिल्या. हेडरचा मात्र प्रत्येक बाइट मुलांनी हेक्साडेसिमलमध्ये स्वतः लिहायचा, असा माझा आग्रह होता.

फाइल चालवली, तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असे उत्तर आले. अर्धा तास आम्ही बाइट मोजत राहिलो. संख्या बरोबर होती, पहिल्या चार बाइटांची खूणही बरोबर होती. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे छप्पन कोणत्या मापातले?” तिच्या वडिलांचा शिवाजी उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे, ड्रॉइंग हातात आले की माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे आधी पाहायचे, ही सवय तिला घरातच लागलेली. प्रोग्रॅम हेडरची एक नोंद किती बाइटची, हे सांगण्याच्या जागी तक्त्यातले ५६ जसेच्या तसे हेक्साडेसिमल म्हणून लिहिले गेले होते आणि त्याचा अर्थ ८६ होत होता. ही किंमत बरोबर ५६ नसेल, तर कर्नल फाइल घेत नाही. ५६ म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये ३८, म्हणून तिथे ३८ लिहिले.

आता फाइल सुरू झाली आणि लगेच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने कोसळली. मुले हिरमुसली, मला मात्र आनंद झाला, कारण पहिल्या वेळी कर्नलने फाइल दारातूनच परत पाठवली होती आणि आता तिला मेमरीत जागा देऊन प्रोसेसरला सांगितलेल्या पत्त्यावर पाठवले होते. चूक पत्त्यात होती. हा प्रोसेसर संख्येचा सर्वांत लहान स्थानाचा बाइट आधी वाचतो. आम्ही ००, ४०, ००, ७८ असे सरळ लिहिले होते आणि प्रोसेसर ७८००४००० या रिकाम्या जागी जाऊन पोहोचत होता. क्रम उलटा करून ७८, ००, ४०, ०० असा लिहिला आणि फाइल पुन्हा चालवली. पडद्यावर काहीच उमटले नाही. आपल्या आज्ञा घेणाऱ्या शेलला शेवटच्या प्रोग्रॅमची परतीची किंमत विचारली आणि त्याने ४२ हा आकडा दाखवला.

माझ्या लेखी काम इथे संपले होते. तीच मुलगी मात्र फळ्यावर लिहिलेल्या बाइटांकडे बघत उभी होती. हेडरचे शेवटचे आठ बाइट असे होते: नोंदींची संख्या १, तिचे दोन बाइट, आणि पुढचे सहा बाइट सेक्शनांविषयीचे, म्हणजे फाइलच्या आतल्या विभागांविषयीचे, सगळे शून्य. त्यालगतच्या नोंदीचे पहिले आठ बाइट म्हणजे प्रकार १ आणि परवानगी ५, प्रत्येकी चार बाइट. “सर, मधल्या एका शून्याच्या जागी पाच आले, तर दोन्ही सारखेच होतात. ते पाच कर्नल तिथे वाचतो का?” प्रोग्रॅम सुरू करताना सेक्शनांची माहिती कर्नल वाचत नाही. म्हणजे नोंद हेडर संपण्याआधीच, आठ बाइट अलीकडे सुरू करता येणार होती आणि तेच आठ बाइट दोन्हीकडे मोजले जाणार होते. फाइलची रचना सांगणाऱ्या नियमांना हे धरून नाही आणि अशी फाइल कुणाच्या हाती द्यायची नसते, हे मी स्पष्ट सांगितले, पण करून पाहण्यापासून तिला थांबवले नाही.

प्रवेशाचा पत्ता ४०००७० झाला. नोंद आता फाइलचे पहिले ५६ बाइट सोडून सुरू होणार होती. नोंद कुठे सुरू होते हे सांगणाऱ्या हेडरमधल्या जागी तिने कुणालाही न विचारता ३८ लिहिले. फाइल १२० बाइटची झाली आणि टर्मिनलवर पुन्हा ४२ उमटले.